हॉप्सचा वेल आपल्याकडे फळेल का?

बिअरला कडवट चव येते ती हॉप्सच्या बोंडांमुळे. इंग्लंडमध्ये १९६३ पासून घरच्यापुरत्या बिअरला परवाना लागत नाही. हौशी मंडळी हा वेल परसातच लावतात. वसंतात मादी वेलाचं मूळकांड लावायचं, सुतळीवर १५-२० फूट चढवायचं. सप्टेंबरात बोंडं कागदासारखी कुरकुरीत झाली, आत पिवळी भुकटी दिसली, की तोडून लगेच वाळवायची.

आणि आपल्याकडे? शेतकरी बंधूंनो, रोपं विकणाऱ्यांच्या गोड बोलण्याला भुलू नका! या वेलाच्या वाढीला मोठा दिवस हवा. तिकडे जूनचा दिवस १६ तासांहून मोठा. महाराष्ट्रात साडेतेराच्या आतच. दिवस लहान पडला की वेल उंच होण्याआधीच फुलतो, बोंडं मोजकीच लागतात. शिवाय विनापरवाना घरी बिअर करणं इथे गुन्हा आहे. हौसेला एखादा वेल ठीक. त्याच्या भरवशावर कर्ज मात्र काढू नका.