कोलकात्यातील तळ्याकाठच्या धाववाटा

कोलकाता म्हटले की हावडा पूल, ट्राम, दुर्गापूजा आणि माणसांनी गजबजलेले रस्ते डोळ्यांसमोर उभे राहतात. मात्र याच महानगरात तळ्यांच्या काठाने आणि जुन्या वृक्षांच्या सावलीतून धावण्याजोग्या वाटाही आहेत. बदलीच्या निमित्ताने अथवा व्यवसायासाठी तेथे जाणाऱ्या मराठी माणसाला त्यांची माहिती उपयुक्त ठरेल. या वाटांचे वैशिष्ट्य असे की, त्या निसर्गाने आयत्या दिलेल्या नाहीत. त्या माणसांनी घडविल्या आहेत आणि जपल्याही आहेत.

खोदलेल्या मातीचे शहर

कोलकाता गंगेच्या त्रिभुज प्रदेशात, हुगळी नदीच्या काठी वसले आहे. अशा सखल, दलदलीच्या भूमीवर घर बांधायचे तर आधी भराव हवा आणि भरावासाठी माती हवी. म्हणून एका ठिकाणी जमीन खोदायची, दुसरीकडे ती उंच करायची आणि खड्ड्यात पाणी साठू द्यायचे, ही बंगालची जुनी रीत. या शहरातील एका प्रसिद्ध खोदकामाला तर मराठ्यांचेच नाव आहे. नागपूरकर भोसल्यांच्या फौजांच्या धास्तीने १७४२ मध्ये कोलकात्याच्या रहिवाशांनी ‘मराठा खंदक’ खणण्यास आरंभ केला. फौजा शहरापर्यंत आल्या नाहीत, खंदक अपुराच राहिला आणि पुढे बुजविला गेला. त्याच्या मार्गाने सर्क्युलर रोड तयार झाला. आज त्या रस्त्याला आचार्य प्रफुल्लचंद्र राय आणि आचार्य जगदीशचंद्र बोस यांची नावे आहेत.

रवींद्र सरोवर

दक्षिण कोलकात्यातील रवींद्र सरोवर हे याच रीतीचे मोठे उदाहरण होय. १९२० च्या दशकात कलकत्ता इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने नव्या वसाहतींसाठी येथील दलदलीची जमीन खोदून भराव मिळविला आणि त्यातून ढाकुरियाचे तळे साकारले. १९५८ मध्ये त्याला रवींद्रनाथ ठाकूर यांचे नाव देण्यात आले. सुमारे १९२ एकरांच्या या परिसरात जवळपास ७३ एकर पाणी आहे. काठाची वाट सपाट, वाहनांपासून दूर आणि बहुतांशी सावलीची असल्याने नवशिक्या धावपटूसही ती सोयीची आहे. हाजरा रोडवरील महाराष्ट्र निवासात उतरणाऱ्यांना हे ठिकाण फारसे दूर नाही.

या तळ्याचे पाणी व तेथील पक्षी सुरक्षित राहावेत म्हणून नागरिकांना न्यायालयीन लढा द्यावा लागला. राष्ट्रीय हरित लवादाने सरोवरात पूजाविधी करण्यास मनाई केली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्या आदेशाला स्थगिती देण्यास नकार दिला आणि छटपूजेसाठी शहरात अन्यत्र घाटांची व्यवस्था करण्यात आली. श्रद्धा आणि पर्यावरण यांचा मेळ घालण्याचा हा प्रयत्न सहजसाध्य नव्हता.

मैदान

प्लासीच्या लढाईनंतर इंग्रजांनी नवा फोर्ट विल्यम किल्ला बांधला. तोफांच्या माऱ्यासाठी समोरचा भाग मोकळा असावा म्हणून सभोवतालचे जंगल तोडण्यात आले. युद्धाच्या हेतूने मोकळी केलेली ही भूमी आज ‘मैदान’ म्हणून शहराला मोकळा श्वास देत आहे. तिची मालकी सैन्यदलाकडे आहे. पर्यावरणाच्या कारणास्तव प्रकरण न्यायालयात गेल्यानंतर २००७ मध्ये येथील प्रख्यात पुस्तक मेळाही अन्यत्र हलवावा लागला.

येथील गवताळ जमीन गुडघ्यांना डांबरी रस्त्यापेक्षा सुखावह वाटते. मैदानातून जाणाऱ्या रेड रोडचा उपयोग दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या धावपट्टीसारखा झाला होता. डिसेंबरमध्ये होणारी २५ किलोमीटरची शर्यत २०१४ पासून याच परिसरात भरते.

शिवपूरचे वनस्पती उद्यान

हुगळीच्या पलीकडे, हावड्यातील शिवपूर येथे १७८७ मध्ये कर्नल रॉबर्ट किड यांनी वनस्पती उद्यानाची स्थापना केली. २७३ एकरांच्या या उद्यानात दाट वृक्षराजी आणि अनेक तळी आहेत. २००९ पासून ते आचार्य जगदीशचंद्र बोस यांच्या नावाने ओळखले जाते. येथील महावटाचे मूळ खोड बुरशीमुळे १९२५ मध्ये काढून टाकावे लागले, तरीही हजारो पारंब्यांच्या आधारे वृक्ष वाढतच आहे. त्याच्याभोवती ३३० मीटरचा रस्ता बांधण्यात आला होता. वृक्ष त्याच्याही पलीकडे पसरला. येथे मात्र वेगाने धावण्यापेक्षा संथ गतीने फिरणेच अधिक उचित.

पूर्वेकडील पाणथळ

शहराच्या पूर्वेस सुमारे १२,५०० हेक्टरांवर पाणथळ प्रदेश पसरला आहे. कोलकात्याचे सांडपाणी येथील ‘भेडी’ नावाच्या उथळ मत्स्यतळ्यांत येते. सूर्यप्रकाश, जिवाणू आणि शेवाळ यांच्या साहाय्याने पाणी शुद्ध होते, त्यावर मासे पोसले जातात आणि पुढे तेच पाणी शेतीला मिळते. अभियंते ध्रुवज्योती घोष यांनी या व्यवस्थेचे महत्त्व जगापुढे मांडले. १९९२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने तिला संरक्षण दिले आणि २००२ मध्ये रामसर यादीत तिचा समावेश झाला. भेड्यांचे बांध ही मच्छीमारांची कामाची जागा आहे. त्यामुळे त्यांच्या संमतीविना तेथे धावू नये.

काही दक्षता

कोलकात्याच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, त्यामुळे शरीराची उष्णता बाहेर पडण्यास विलंब होतो. नवागताने पहिले दोन आठवडे अंतर आणि वेग दोन्ही कमी ठेवावेत व पाणी पिण्यात कसूर करू नये. एप्रिल-मे महिन्यांत ‘कालबैशाखी’ वादळे अचानक येतात. मे २०२२ मध्ये अशाच वादळात रवींद्र सरोवरात नौकानयनाचा सराव करणारे दोन विद्यार्थी बुडाले. आकाश काळवंडताच पाण्याचा काठ आणि झाडांचा आडोसा दोन्ही सोडून पक्क्या इमारतीत जावे. हिवाळ्यातील गारवा धावण्यास अनुकूल असला, तरी पहाटे धूर व धूळ जमिनीलगत साचून राहतात. म्हणून हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक पाहून, ऊन थोडे वर आल्यावर निघणे हितावह. हृदयविकार अथवा दमा असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ला घेतल्याखेरीज आरंभ करू नये.

मे २०२० मधील अम्फान चक्रीवादळाने या शहरातील हजारो वृक्ष एका रात्रीत उन्मळून पाडले. गेलेली सावली परत मिळण्यास एक पिढी लागते. मुद्दल शाबूत असेल तरच व्याज मिळते, हे बँकेच्या ग्राहकास सांगावे लागत नाही. तळ्याकाठी धावून मिळणारे आरोग्य हे असेच व्याज आहे. काठावर कचरा न टाकणे, पक्ष्यांच्या विणीच्या जागा टाळणे आणि एखादे रोप जगविणे, एवढी भर तरी प्रत्येक धावणाऱ्याने त्या मुद्दलात घालावी.