राकू घराणं : सोळा पिढ्यांचा चहाचा वाडगा

मूळपुरुष : कुंभार चोजिरो. सोळाव्या शतकात जपानमधल्या क्योतोत चहाविधीचे आचार्य सेन नो रिक्यू यांच्यासाठी त्यांनी वाडगे घडवले.

घडण : चाक वापरत नाहीत. माती हातांनी उभी करायची, मग तासून आकार द्यायचा.

काळा राकू वाडगा : झिलईत क्योतोतल्या कामो नदीच्या दगडांची पूड असते. तापून लालबुंद झालेला वाडगा चिमट्याने भट्टीबाहेर काढतात. चिमट्याची खूण अंगावर कायम राहते.

वारसा : झिलईची कृती बाप मुलाला सांगत नाही, ती ज्याची त्याने शोधायची. माती मात्र पुढच्या पिढ्यांसाठी साठवतात. पंधराव्या पिढीचे प्रमुख किचिझाएमोन (हे घराण्याच्या प्रमुखाचं पिढीजात नाव) यांनी पणजोबांनी जमवलेली माती वापरली.

बंडखोर वारसदार : हे पंधरावे (जन्म १९४९) तोक्योत शिल्पकला शिकले, मग रोमला गेले. १९८१मध्ये घराण्याची धुरा घेतल्यावर त्यांनी खडकासारखे, धारदार कापांचे वाडगे घडवले. २०१९मध्ये त्यांनी नाव मुलाकडे सोपवलं.

कुठे पाहाल? : क्योतोतील राकू संग्रहालयात (स्थापना १९७८). तिथे चोजिरोंचा शांत काळा वाडगा आणि पंधराव्यांचं काम दोन्ही आवर्जून पाहा. एकाच घराण्यात प्रत्येक हात किती वेगळा असू शकतो, हे तिथेच नीट कळतं.