अन्ननलिकेची शस्त्रक्रिया आणि कठीण झालेल्या धमन्या

अन्ननलिका ही घशापासून जठरापर्यंत जाणारी सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची स्नायुमय नळी होय. कर्करोगामुळे तिचा मोठा भाग काढावा लागतो, तेव्हा शल्यचिकित्सक बहुधा जठराचीच अरुंद नळी करून ती छातीत किंवा मानेपर्यंत वर ओढतात आणि उरलेल्या अन्ननलिकेला जोडतात. १९१३ साली न्यूयॉर्क येथे फ्रांझ टोरेक यांनी ही शस्त्रक्रिया प्रथम यशस्वी केली, तेव्हा त्यांनी असा सांधा केलाच नव्हता. त्यांच्या रुग्णेने शरीराबाहेरून बसविलेल्या रबरी नळीवर पुढील अनेक वर्षे काढली. आज रबरी नळीची गरज उरलेली नाही. सांध्याची चिंता मात्र कायम आहे.

जठर वर नेताना त्याच्या बहुतेक धमन्या तोडाव्या लागतात. नवी नळी मुख्यतः उजव्या बाजूच्या एकाच धमनीवर जगते. सांधा असतो नळीच्या वरच्या टोकाला, त्या धमनीपासून सर्वांत दूर. पेंच प्रकल्पाच्या कालव्यावर शेवटच्या शेताला पाणी किती पोहोचते, हे नागपूर परिसरातील शेतकऱ्यास सांगावयास नको. या टोकाची स्थितीही तशीच. रक्त अपुरे पडले की सांधा भरून येत नाही व गळू लागतो. लाळ व पाचक रस छातीत उतरून जंतुसंसर्ग झाल्यास प्राणावर बेतते.

वाढते वय, धूम्रपान, मधुमेह, उच्च रक्तदाब व मूत्रपिंडाचे जुने विकार यांमुळे धमन्यांच्या भिंतींत कॅल्शियम साचते. सीटी स्कॅनवर ते पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपात दिसते. महाधमनी व तिच्यापासून जठराकडे जाणाऱ्या शाखा अशा कठीण झालेल्या असल्यास मानेतील सांधा गळण्याचा धोका अधिक असतो, असे नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथील अभ्यासकांनी २०१५ साली दाखवून दिले. नंतरच्या सर्वच अभ्यासांत हा संबंध तितका ठळक आढळला नाही. तरीही कर्करोगाचा प्रसार पाहण्यासाठी स्कॅन करावाच लागतो. त्यातूनच ही माहिती वेगळ्या खर्चाशिवाय मिळते, ही गोष्ट लहान नव्हे.

नागपुरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आदी ठिकाणी विदर्भातून व लगतच्या मध्य प्रदेशातूनही रुग्ण येतात. घास अडकू लागला तरी अनेक जण महिनोन्‌महिने पातळ पदार्थांवर दिवस काढतात. या भागात खर्ऱ्याचे व्यसन खोलवर रुजले आहे. तंबाखू चघळल्याने अन्ननलिकेचा कर्करोग होऊ शकतो. विडी तर कर्करोगास निमंत्रण देतेच, शिवाय धमन्याही कठीण करते.

धमन्यांत कॅल्शियम आढळले म्हणजे शस्त्रक्रिया नाकारावी, असे मुळीच नव्हे. अशा रुग्णास काही आठवडे आधीपासून तंबाखू पूर्ण बंद करावयास लावतात, साखर आटोक्यात आणतात, पोषण सुधारतात. काही केंद्रांत विशिष्ट रंगद्रव्य शिरेत देऊन नळीच्या टोकापर्यंत रक्त पोहोचते की नाही, हे शस्त्रक्रिया चालू असतानाच पाहिले जाते. नंतरचे आठ-दहा दिवस विशेष दक्षतेचे. ताप, नाडीची अकारण वाढलेली गती, धाप किंवा छातीतील वेदना यांपैकी काहीही दिसल्यास डॉक्टरांना तत्काळ सांगावयास हवे. रुग्ण गावी परतल्यावर हीच लक्षणे उद्भवली, तर गावातील औषधांवर वेळ न दवडता त्याला शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयातच न्यावे व जुने स्कॅन आणि कागदपत्रे सोबत द्यावीत.