नोकरीही, कुंचलाही!

'नोकरी सांभाळून चित्रं काढायला वेळ कुठला?' ही तक्रार घरोघरी ऐकू येते. चेन्नईच्या, म्हणजे तेव्हाच्या मद्रासच्या के. सी. एस. पणिक्करांनाही ती करता आली असती. वडील गेल्यावर कुटुंबासाठी त्यांनी तारखात्यात नोकरी धरली. निसर्गचित्रं मात्र सोडली नाहीत. पुढे मद्रासच्या कलाशाळेत ते देवीप्रसाद रायचौधरींचे विद्यार्थी, मग शिक्षक आणि १९५७ मध्ये प्राचार्य झाले.

शिकवताना एक काळजी त्यांना छळत असे. शिक्षण संपलं की पोटासाठी विद्यार्थी कुठेतरी चिकटत आणि कुंचला सुटे. पणिक्करांनी त्यांना सहकाराची वाट दाखवली. सगळ्यांनी मिळून बाटिकची कापडं, हस्तकलेच्या वस्तू करायच्या, विकायच्या आणि उरलेल्या वेळात मनासारखं चित्र काढायचं. त्याच कमाईतून समुद्राकाठी जमीन घेतली गेली आणि १९६६ मध्ये 'चोलमंडल' हे कलावंतांचं गाव उभं राहिलं.

पणिक्कर १९७७ मध्ये गेले. गाव आजही आहे. मरीना किनाऱ्यावर त्यांच्या गुरूंचं प्रसिद्ध शिल्प आहे : चार कामगार मिळून एक शिळा हलवताहेत. शिष्यानं तरी वेगळं काय केलं?