काटा जुना की नवा?

गेल्या महिन्यात नारायणगावला एका लग्नाला गेलो होतो. जेवणे आटोपली होती. मांडवाच्या कडेला खुर्ची टाकून बसलो असता ओळखीतला एक मुलगा जवळ आला. बी.कॉम. झालेला, दीड वर्ष एका कारखान्यात कंत्राटावर राबून घरी बसलेला. "काका, जयभीम. तुम्ही कॉमर्सवाले. एक सांगा, एमटी फोर घेऊ का एमटी फाइव्ह?"

मला आधी वाटले, पोरगा मोटारसायकलचे मॉडेल विचारतो आहे.

मग त्याने खिशातून मोबाईल काढला. काळ्या पडद्यावर हिरव्या-तांबड्या मेणबत्त्या वरखाली होत होत्या. युरो आणि डॉलर यांचा तो भाव होता. परदेशी चलनाची घरबसल्या खरेदी-विक्री, म्हणजे फॉरेक्स. मंचरकडचे कोणी 'सर' मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये शिकवतात, रोज रात्री नफ्याचे फोटो टाकतात. सरांचे म्हणणे, जुने सोपे आहे ते घे. ग्रुपमधली पोरे म्हणतात, नवे घे. एवढाच काय तो पेच.

पैसे कुठून आणणार, असे मी विचारले. तो जरा चाचरला. आईने बचत गटातून शिलाई मशीनसाठी कर्ज उचलले होते. मशीन दिवाळीनंतर घ्यायचे होते. तोवर त्यातले तीस हजार 'थोडे दिवस' वापरायचे.

मी कारकून माणूस. आयुष्य आवक-जावक रजिस्टरात गेले. कागद पाहिल्याशिवाय उत्तर देऊ नये, हे हाडात मुरलेले. "चार दिवस थांब, तोवर पैसा हलवू नकोस," एवढे सांगून घरी आलो आणि रिझर्व्ह बँकेचे कागद काढून बसलो. हा लेख त्या चार रात्रींचा. आपल्या जुन्नर-आंबेगावच्या किती घरांत हाच प्रश्न हलक्या आवाजात विचारला जात असेल, कोण जाणे.

प्रथम मुलाच्या प्रश्नाचे सरळ उत्तर. मेटाक्वोट्स नावाच्या सॉफ्टवेअर कंपनीने मेटाट्रेडर ४ हे २००५ साली आणले आणि मेटाट्रेडर ५ हे २०१० साली. चारमध्ये भावाचा आलेख नऊ प्रकारच्या कालावधींत पाहता येतो, पाचमध्ये एकवीस. आलेखावर टाकायची तयार गणिते चारमध्ये तीस, पाचमध्ये अडतीस. 'भाव इतका झाला की माझा सौदा कर' अशी आगाऊ सूचना देण्याचे प्रकार चारमध्ये चार, पाचमध्ये सहा. पाचमध्ये कोणत्या देशाचे कोणते आर्थिक आकडे कधी जाहीर होणार याचे कॅलेंडर आहे, आणि ते चलनांखेरीज शेअर बाजारासाठीही बनवलेले आहे. मग पंधरा-वीस वर्षांनंतरही जुने का टिकले? तर आपोआप सौदे करणारे छोटे प्रोग्राम, ज्यांना पोरे 'रोबो' म्हणतात, ते लोकांनी जुन्याच्या भाषेत लिहून ठेवलेले. ते नव्यावर जसेच्या तसे चालत नाहीत. शिवाय हाताला सवय. आमच्या कार्यालयात संगणक आला तेव्हाही ज्येष्ठ मंडळी दोन वर्षे वही सोडायला तयार नव्हती, तसलाच प्रकार.

तेव्हा केवळ यंत्र म्हणून तुलना केली तर पाच उजवे आहे. परंतु या उत्तराचा त्या मुलाला काडीचा उपयोग नाही.

का, ते मंचरच्या बाजारात उभे राहिले की समजते. तिथे कांदा-बटाटा घेऊन जाणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांना तागडी आठवते. आता इलेक्ट्रॉनिक काटे आले, तांबडे आकडे दिसतात. काटा नवा झाला हे चांगलेच झाले. पण म्हणून कोणी काटा पाहून आडत्या निवडतो का? शेतकरी विचारतो ते वेगळे. आडत्याकडे बाजार समितीचा परवाना आहे ना? लिलाव चारचौघांत होतो ना? पट्टी कधी मिळते, रोख की पुढच्या आठवड्यात? बुडवले तर तक्रार कुठे करायची?

मेटाट्रेडर हा काटा आहे. आडत्या नव्हे. सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी तुमचे पैसे घेत नाही. ती आपले यंत्र दलाल कंपन्यांना देते. पैसे जातात दलालाकडे. सप्टेंबर २०२२ मध्ये ॲपल कंपनीने आपल्या दुकानातून चार आणि पाच दोन्ही काढून टाकले होते आणि मार्च २०२३ मध्ये परत ठेवले. त्या सहा महिन्यांत आयफोनवाल्या नव्या गिऱ्हाइकांना काटाच मिळेना. दलालांच्या गाद्या मात्र चालूच होत्या.

बहुतेक परदेशी दलालांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी आपल्या बाजारात कोणी खपवून घेणार नाही. तुमचा सौदा मोठ्या बाजारात जातोच असे नाही. पुष्कळदा दलाल स्वतःच समोरचा पक्ष असतो. तुम्ही हरलात तर तो जिंकतो. काटा त्याचा, भाव त्याने लावलेला आणि खरेदीदारही तोच!

आता उधारीचा हिशोब, कारण सारे मरण त्यात आहे. हे दलाल 'एकास पाचशे' असली उचल देतात. म्हणजे तीस हजार ठेवले की दीड कोटी रुपयांचा सौदा करता येतो. ऐकून छाती फुगते. उलट बाजूने मोजा. दीड कोटीचा एक शतांश टक्का पंधराशे रुपये. भाव तुमच्या विरुद्ध वीस शतांश टक्के, म्हणजे शेकड्याला अवघे वीस पैसे हलला की तीस हजार साफ. युरो-डॉलरचा भाव एका दिवसात इतका सहज हलतो. कधी चहा पिऊन होईपर्यंत हलतो. युरोपच्या बाजार नियामकाने २०१८ साली असल्या सौद्यांवर बंधने घातली, तेव्हा प्रमुख चलनांसाठी किरकोळ गिऱ्हाइकाची उचल एकास तीसवर आणली. निरनिराळ्या देशांतल्या तपासण्यांत किरकोळ खात्यांपैकी ७४ ते ८९ टक्के खाती तोट्यात निघाली, असे कारण त्यांनी दिले होते. तीही परवानाधारक दलालांकडची. सरांच्या ग्रुपमध्ये नफ्याचेच फोटो का येतात, हे यावरून ओळखावे.

आणि परवाना? आपल्याकडे परकीय चलनाचा व्यवहार १९९९ च्या फेमा कायद्याखाली येतो. भारतात राहणाऱ्याने तो अधिकृत व्यक्तीशी आणि परवानगी असलेल्या कारणासाठीच करायचा. संगणकावर करायचा तर रिझर्व्ह बँकेने मान्य केलेल्या मंचावर किंवा मान्यताप्राप्त शेअर बाजारांत. परदेशी दलालाकडे मार्जिन म्हणून पैसे पाठवायला मुभा नाही. दरसाल अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवण्याची जी योजना आहे, तीतही हे बसत नाही. कायदा मोडला तर रकमेच्या तिपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. रिझर्व्ह बँकेने ७ सप्टेंबर २०२२ रोजी अनधिकृत मंचांची ३४ नावांची सावधान-यादी प्रसिद्ध केली, ती नंतर वाढत गेली. यादीत नाव नाही म्हणजे मंच अधिकृत आहे असे समजू नये, हेही बँकेनेच स्पष्ट केले आहे. ग्रुपमधले सर नेमके उलटे सांगतात: "आपले नाव यादीत नाही, बिनधास्त राहा."

थोडक्यात, तो मुलगा चार घेवो की पाच, परवाना नसलेल्या परदेशी दलालाकडे खाते उघडले की गुन्हा तोच.

पैसे भरण्याची पद्धत तर पाहण्यासारखी आहे. कंपनी सातासमुद्रापार, पण पैसे यूपीआयने कोणा भलत्याच इसमाच्या किंवा दुकानाच्या खात्यावर भरायला सांगतात. काढतानाही तसेच अनोळखी खात्यातून येतात. ते पैसे दुसऱ्या कोणाच्या फसवणुकीतले निघाले, तर सायबर पोलीस साखळीतली सगळी खाती गोठवतात. मग ज्या खात्यात आईच्या बचत गटाचा हप्ता, धाकट्याची शिष्यवृत्ती आणि आजीची निराधार योजनेची रक्कम येते, तेच खाते बंद! ही गोष्ट आईवडिलांच्या ध्यानात येत नाही, कारण त्यांना वाटते पोरगा फार तर तीस हजार घालवील.

हे सारे दूर मुंबई-दिल्लीचे समजू नका. ऑक्टाएफएक्स या मंचाविरुद्ध सक्तवसुली संचालनालयाने जो तपास चालवला, त्याचे मूळ आपल्या पुण्याच्या शिवाजीनगर पोलीस ठाण्यात २०२१ साली नोंदलेल्या गुन्ह्यात आहे. फॉरेक्समध्ये भरघोस नफ्याचे आमिष दाखवून लोकांना फसवले, असा त्यात आरोप आहे. संचालनालयाने कोट्यवधींची मालमत्ता जप्त केली. रिझर्व्ह बँकेच्या पहिल्या ३४ नावांत हे नाव होते.

मग कायदेशीर रस्ता नाहीच का? आहे. पण तोही पूर्वीसारखा राहिलेला नाही. राष्ट्रीय शेअर बाजारात २९ ऑगस्ट २००८ पासून चलनाचे वायदे सुरू झाले. डॉलर, युरो, पौंड, येन यांचे रुपयाशी सौदे तिथे होतात. डॉलरचा एक सौदा हजार डॉलरचा. बरेच जण तिथे केवळ भावावर पैज लावीत. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ मध्ये परिपत्रक काढून बजावले की, रुपयाच्या जोडीतला सौदा करणाऱ्याला खरोखरच परकीय चलनाचे देणे-घेणे असले पाहिजे. ३ मे २०२४ पासून हे लागू झाले आणि तिथली उलाढाल एकदम खाली आली. ज्याची द्राक्षे युरोपात जातात, त्याने भाव पडण्याच्या धास्तीने सौदा करावा. ज्याचे काहीच जात-येत नाही त्याने या बाजारात पाय ठेवू नये, असा त्याचा सरळ अर्थ. मला तो रास्त वाटतो.

रुपयाचा परदेशी भाव हा हुशार मंडळींचा खेळ नव्हे, त्यावर गोरगरिबांची भाकरी महाग-स्वस्त होते, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. बाबासाहेबांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा प्रबंध १९२३ साली लंडनला प्रसिद्ध झाला. रुपयाचा पौंडाशी भाव नुसता स्थिर ठेवून काय साधणार, देशातल्या देशात रुपयाची खरेदीशक्ती स्थिर हवी, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. पुढे हिल्टन यंग आयोगापुढेही त्यांनी साक्ष दिली. जयंतीला आपण या ग्रंथाचे नाव घेतो. एखाद्या शिबिरात त्यातले एक प्रकरण बसून वाचायला काय हरकत आहे?

आणि जुने म्हणाल तर आपल्या मुलखाइतके जुने कोण! नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्यात पस्तीस कार्षापणांना एक सुवर्ण, असा नाण्यांचा बदलाचा भावच दगडात कोरला आहे. भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले, दोन हजार महिना शेकडा एक दराने आणि हजार पाऊण दराने, हेही लिहिले आहे. त्याच नहपानाच्या अयम नावाच्या अमात्याचा लेख जुन्नरला मानमोडीच्या लेण्यात आहे. पैसा कोणाकडे ठेवला, काय दराने, सगळे उघड्यावर. असो, विषयांतर झाले.

खरोखर परकीय चलन लागणारी घरे आता आपल्यातही आहेत. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर किंवा केंद्राच्या शिष्यवृत्तीवर आपली मुले-मुली परदेशी शिकायला जातात. सुरुवातीच्या खर्चाला हाती चलन द्यावे लागते, आणि बँक जो भाव लावील तो आपण मुकाट्याने देतो. इथे मात्र जुन्या-नव्याचा फरक खरा आहे. जुनी पद्धत म्हणजे बँकेच्या खिडकीवर जाऊन मिळेल तो भाव घेणे. त्यात बाजारभाव किती आणि बँकेची दलाली किती, हे कळत नाही. क्लिअरिंग कॉर्पोरेशनने ५ ऑगस्ट २०१९ पासून एफएक्स-रिटेल नावाचा मंच सुरू केला आहे. बँकेमार्फत नाव नोंदवून तिथे डॉलर बाजारभावाने घेता-विकता येतो, आणि बँक आपले शुल्क वेगळे सांगते. तो भारत कनेक्टशी, म्हणजे आपण ज्यावर विजेचे बिल भरतो त्या यंत्रणेशी जोडण्याचे रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केले. आपल्या तालुक्याच्या शाखेत विचारले तर पहिल्या वेळी साहेबच तुमच्याकडे पाहत राहतील. दुसऱ्यांदा विचारा. लेखी विचारा.

ज्यांचे पैसे आधीच अडकले आहेत त्यांनी लाजून गप्प बसू नये. १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा, पैसे भरल्याच्या पावत्या आणि ग्रुपमधले संदेश पुसून टाकू नयेत. 'अजून वीस हजार भरा म्हणजे अडकलेले सुटतील' असे कोणी सांगितले तर एक रुपयाही भरू नये. मुलाला घरात बोल लावण्यापूर्वी शेजारी बसवून आकडे विचारावेत. ओरडले की पोरगा दुसऱ्या नावाने खाते उघडतो.

पाचव्या दिवशी मी त्या मुलाच्या घरी गेलो. वीस पैशांचा हिशोब त्याच्याच वहीत त्याच्याकडूनच करून घेतला. दोनदा केला, कारण पहिल्यांदा त्याला वाटले माझे चुकले. मग त्याने एकच प्रश्न विचारला, "काका, मग सरांना कमाई कशातून होते?" दलाल कंपन्या गिऱ्हाईक आणून देणाऱ्याला त्याच्या सौद्यांवर दलाली देतात, हे मी सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला.

आई दारात उभी राहून सगळे ऐकत होती. तिने आत जाऊन कपाटातून पाकीट आणले, नोटा मोजल्या आणि दिवाळीची वाट न पाहता दुसऱ्याच दिवशी जुन्नरला जाऊन मशीन आणले. मुलाने मोबाईलमधले मेटाट्रेडर काढलेले नाही. खोट्या पैशांच्या सरावाच्या खात्यावर रात्री तो सौदे करतो आणि वहीत मांडतो. परवा विचारले, तर त्या खोट्या एक लाखाचे एकेचाळीस हजार उरले होते.