किडीलाही रोग जडतो : गोदामवाल्यांनी जाणून घ्यावे असे काही

धान्य, पीठ, खजूर आणि सुकामेवा यांचा व्यापार करणाऱ्या आमच्या बांधवांना किडीची ओळख करून देण्याची गरज नाही. रमजानच्या तोंडावर खजुराची पेटी उघडावी आणि आत अळ्या दिसाव्यात, म्हणजे माल तर जातोच, पण बांधलेले गिऱ्हाईकही तुटते. यावर आजवरचा हुकमी इलाज म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांची धुरी. गोळीतून फॉस्फिन वायू सुटतो आणि कीड मरते. परंतु हा वायू माणसाचाही जीव घेतो. शिवाय फाटक्या ताडपत्रीखाली, अपुऱ्या मात्रेत वारंवार धुरी दिल्यामुळे तिला दाद न देणारी कीड भारतासह अनेक देशांत निपजली आहे. म्हणूनच किडीला निसर्गतः जडणारे रोग कामी आणण्याचा मार्ग आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

गिरणीत सापडलेला जिवाणू

१९०१ साली जपानमध्ये इशिवाता या शास्त्रज्ञांना रेशमाच्या मेलेल्या अळ्यांत एक जिवाणू आढळला. रेशीम उत्पादकांचा तो वैरीच. पुढे १९११ साली जर्मनीत एर्न्स्ट बर्लिनर यांना तोच जिवाणू पिठातील पतंगाच्या अळीत सापडला. पीठ थुरिंगिया प्रांतातील गिरणीचे, म्हणून जिवाणूचे नाव पडले बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजेच बीटी. १९३८ साली फ्रान्समध्ये त्यापासून केलेले 'स्पोरेइन' हे औषध बाजारात आले. बीटी हा शब्द आपल्याकडे कापसामुळे घरोघरी पोचला, पण त्याचे नाव आले ते गिरणीवरून!

या जिवाणूत प्रथिनाचे बारीक स्फटिक असतात. अळीने ते खाल्ले की तिच्या आतड्यातील क्षारयुक्त रसात ते विरघळतात आणि आतड्याला छिद्रे पाडतात. अळी खाणे सोडते आणि थोड्याच दिवसांत मरते. माणसाच्या पोटात आम्ल असते आणि त्या प्रथिनाला धरून ठेवणारी जागा आपल्या आतड्यात नसते. त्यामुळे आपल्याला तो बाधत नाही.

मर्यादाही ओळखा

हे औषध पोटात गेले तरच काम करते. पतंगाच्या, म्हणजे जाळे करणाऱ्या पाखराच्या अळ्या ढिगाच्या वरच्या थरात चरतात. म्हणून अमेरिकेत धान्याचा फक्त वरचा चारेक इंचांचा थर औषध मिसळून ठेवण्याची पद्धत पडली. मात्र तांदळातील सोंडे आणि कडधान्यातील भुंगेरे दाण्याच्या आतच वाढतात. पतंगांवर चालणारे बीटी त्यांचे काही बिघडवीत नाही. अशा किड्यांसाठी बुव्हेरिया नावाच्या बुरशीवर प्रयोग झाले आहेत. ही बुरशी किड्याच्या अंगावर रुजून कातडीतून आत शिरते, पोटात जाण्याची तिला गरज नसते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. १९८५ साली अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील शास्त्रज्ञ विल्यम मॅकगॉही यांनी दाखवून दिले की, बीटी मारलेल्या कोठारांतील पतंगांत अवघ्या दोन पिढ्यांत प्रतिकारशक्ती सुमारे तीस पटींनी वाढली. म्हणजे जी गत धुरीची, तीच एकाच जिवाणूवर विसंबल्यास त्याचीही!

मग करावे काय?

आमचा सल्ला असा : शेतात फवारायचे बीटी परस्पर गोदामात वापरू नये. साठवणीच्या मालासाठी परवानगी आहे असे डब्यावर स्पष्ट छापलेले असेल, तरच घ्यावे. धुरी परवानाधारकाकडूनच द्यावी आणि राहत्या घरात तर कधीच नको. माल चांगला वाळवूनच भरावा, पोती भिंतीपासून दूर लाकडी फळ्यांवर रचावीत, सांडलेले दाणे झाडून काढावेत, जुना माल आधी विकावा आणि जुन्या पोत्यांशेजारी नवी पोती लावू नयेत.

कोणतेही औषध, मग ते वायू असो वा जिवाणू, अस्वच्छ गोदामाची भरपाई करीत नाही. गिऱ्हाइकाच्या हाती निर्दोष माल देणे ही व्यापाऱ्याची खरी पुंजी, आणि ती राखण्याचे पहिले हत्यार आजही झाडूच आहे.