सजलेल्या घरातली रोजची वाट

दसऱ्याचे सोने वाटून झाले की मराठी घराला एक निराळाच ज्वर चढतो. तो थर्मामीटरवर दिसत नाही. माळ्यावर किती माणसे चढली आहेत आणि त्यांचे खाली उभ्या असलेल्यांशी कितपत पटते आहे, यावरून त्याची तीव्रता ओळखावी लागते. पडदे धुण्यास जातात, पितळी समया चिंच लावून लख्ख होतात, आणि गेल्या वर्षी सापडत नाही म्हणून नवा आणलेला अडकित्ता जुन्या अडकित्त्याच्या शेजारीच सापडतो.

आमच्या घरी या सगळ्या उलाढालीच्या मध्यभागी, खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत, माझ्या ८६ वर्षांच्या सासूबाई बसलेल्या असतात. काय टाकायचे आणि काय ठेवायचे याचा अंतिम निवाडा त्यांच्याकडे असतो, आणि तो ‘टाका’ असा लागलेला निदान मला तरी आठवत नाही. ‘राहू दे गं, लागेल,’ एवढेच त्या म्हणतात. बिनझाकणाचा डबा आणि बिनडब्याचे झाकण, दोन्ही या न्यायाने पुन्हा माळ्यावर रवाना होतात.

साफसफाई आटोपली की सजावटीचा अध्याय सुरू होतो. सासूबाईंच्या माहेरी, कोकणात, तो फार आटोपशीर असे. अंगण सारवायचे, गेरूवर ठिपक्यांची रांगोळी काढायची आणि बांबूच्या काड्यांना घोटीव कागद खळीने चिकटवून कंदील टांगायचा. आताच्या घरसजावटीला मात्र जमिनीचे फार आकर्षण आहे. दारातच पाण्याने भरलेली उरळी, तीत तरंगत्या मेणबत्त्या, भिंतीकडेने पणत्यांची रांग, मधोमध फुलांची रांगोळी, सोफ्याऐवजी गाद्या आणि लोड, कोपऱ्यात दिव्यांच्या माळा आणि त्यांना वीज पुरवणारी, चालण्याच्या वाटेवरून गेलेली लांबलचक वायर. दिसायला हे सारे देखणे असते, हे मी मनापासून कबूल करते. माझी लेक त्यात पारंगत आहे, आणि तिने सजवलेल्या बैठकीची शेजारीपाजारी तारीफ होते तेव्हा मला आनंदच होतो.

अडचण इतकीच, की हे घर दोन तासांसाठी येणाऱ्या पाहुण्यांच्या डोळ्यांसाठी मांडलेले असते. त्यात चोवीस तास वावरणाऱ्या वृद्ध माणसाचे पाय निराळ्या हिशेबाने चालतात. सासूबाईंची पलंगापासून न्हाणीघरापर्यंतची वाट अकरा पावलांची आहे. तिसऱ्या पावलाला कपाटाचा कोपरा, सहाव्याला वेताच्या खुर्चीची पाठ आणि नवव्याला दाराची चौकट त्यांच्या हाताला लागते. रात्री दोन वाजता दिवा न लावताही त्या ही वाट चालू शकतात, कारण ती डोळ्यांपेक्षा तळहाताला अधिक पाठ झालेली आहे. आता बैठक मोकळी दिसावी म्हणून ती खुर्ची गॅलरीत हलवली, तर आपल्या दृष्टीने एक जुनी खुर्ची हलली. त्यांच्या दृष्टीने जिन्याचा कठडाच कोणी काढून नेला. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाची स्थिती याहून बिकट होते. फर्निचरची जागा बदललेली खोली त्याला आपली वाटत नाही, आणि जमिनीवरची गडद सतरंजी त्याला खड्ड्यासारखी भासू शकते.

म्हणून आमच्याकडे लेकीने आणि तिच्या आजीने मिळून एक तह केला आहे. अकरा पावलांच्या वाटेवर काहीही मांडायचे नाही: उरळी नाही, पणती नाही, वायर नाही, सुटे पायपुसणेही नाही. रांगोळी उंबऱ्याबाहेर एका बाजूला, कारण तिची बारीक भुकटी गुळगुळीत फरशीवर सांडली की पाय सरकतो. भिंती, खिडक्या, कपाटांचे माथे आणि छत यांवर मात्र लेकीचे पूर्ण राज्य. गंमत अशी, की सजावट अशी वर सरकल्यापासून ती खुर्चीत बसलेल्या आजीला अधिक नीट दिसू लागली. मान वाकवून जमिनीकडे पाहणे तिला तसेही जड जाते.

वॉकरचा प्रश्न मात्र तहाने सुटला नाही. पाहुण्यांची चाहूल लागली की सासूबाई स्वतःच फर्मान काढत: ‘तेवढे ते लोढणे दाराआड ठेव गं.’ जरीकाठी साडी नेसून, केसांत अबोलीचा वळेसर माळून बसलेल्या बाईच्या शेजारी ॲल्युमिनियमचा सांगाडा शोभत नाही, हे त्यांचे सौंदर्यशास्त्र. पण वॉकर दाराआड गेला की त्या खुर्चीला खिळत. मग उठावे लागू नये म्हणून पाणी पिणे बंद. ‘नको, आत्ताच प्यायले,’ असे त्या इतक्या गोडपणे सांगत, की कोणालाही पटावे. वयाबरोबर तहानेची जाणीवच मंदावते, त्यात हे सणासुदीचे स्वयंघोषित निर्जळी व्रत. त्याचे पारणे दुसऱ्या दिवशी चक्कर, बद्धकोष्ठ किंवा लघवीच्या जळजळीने फिटते. ज्यांच्या घरी वृद्ध माणूस आहे, त्यांना हा अनुभव नवा नसावा.

दोन दिवाळ्यांपूर्वी एक गृहस्थ अवेळी आले आणि वॉकर लपवायला सवडच मिळाली नाही. त्यांनी शंकरपाळे तोंडात टाकता टाकता त्याच्याकडे बारकाईने पाहिले आणि विचारले, ‘काकू, हा कुठून घेतलात? आमचे बाबा काठीसुद्धा हातात धरत नाहीत. तुम्ही त्यांना जरा समजावून सांगाल का?’ सासूबाईंचा नूरच पालटला. पुढची पंधरा मिनिटे त्यांनी वॉकरची उंची मनगटाच्या रेषेपर्यंत कशी असावी, त्याच्या पायांची रबरे झिजली की ती वेळीच कशी बदलावीत, आणि आधी वॉकर पुढे ठेवून मगच पाऊल कसे टाकावे, याचे साग्रसंगीत व्याख्यान दिले. पाडव्याला त्या गृहस्थांच्या वडिलांना फोनही झाला. तेव्हापासून वॉकर खुर्चीच्या उजव्या हाताला, सर्वांच्या डोळ्यांसमोर उभा असतो. त्याला झेंडूचे तोरण बांधण्याचा लेकीचा प्रस्ताव मात्र आजीने फेटाळला. ‘त्याला काय गाडीसारखी पूजा करायची आहे का?’

अभ्यंगस्नानाविषयी आमच्याकडे दरवर्षी थोडा वाद होतो. नरकचतुर्दशीला सूर्योदयापूर्वी न्हायलाच हवे, यावर सासूबाई ठाम असतात, आणि त्यांना त्या आनंदापासून दूर ठेवावे असे मला वाटत नाही. सुवासिक तेल, उटणे आणि कढत पाणी यांचा तो एकत्र दरवळ वर्षातून एकदाच घरात येतो. बदलायची ती फक्त पद्धत. पहाटे जाग आली की चटकन उभे न राहता पलंगाच्या कडेवर मिनिट-दोन मिनिटे पाय सोडून बसायचे. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांना एकदम उठताच भोवंडते, म्हणून हे आवश्यक. तेल न्हाणीघरात लावायचे नाही. खोलीतच, जुनी चादर अंथरलेल्या खुर्चीत बसवून लावायचे, आणि उठण्यापूर्वी तळपाय कोरड्या पंचाने निपटून पुसायचे. पाटाऐवजी रबरी बुडाचे प्लॅस्टिकचे स्टूल. उटणे दुधात सैलसर कालवून हलक्या हाताने लावायचे, कारण म्हातारपणी कातडी कागदासारखी पातळ होते आणि जोराने चोळले तर सोलवटते.

राहता राहिले करीट. कोकणातल्या रीतीप्रमाणे हे कडू फळ डाव्या पायाच्या अंगठ्याने चिरडून नरकासुराचा वध करायचा असतो. म्हणजे क्षणभर का होईना, एका पायावर उभे राहणे आले. सासूबाई आता नरकासुराला खुर्चीत बसूनच मारतात. तो तक्रार करीत नाही. त्यानंतर गोडाचे पोहे, दह्याचे पोहे आणि बटाट्याचे पोहे असा चावदिसाचा बेत असतो, आणि तो दातांच्या कवळीलाही मानवतो.

फराळाविषयी पथ्याची व्याख्याने सर्वत्र वाचायला मिळतात, म्हणून मी दोनच गोष्टी सांगते. ‘साखरविरहित’ असे लिहिलेल्या मिठाईच्या खोक्यातही पीठ आणि तूप असतेच. मधुमेही माणसाला ते मोकळे रान नव्हे. आणि लक्ष्मीपूजनाच्या गडबडीत जेवण लांबते, ते इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांना सोसत नाही. डॉक्टरांशी आधीच बोलून त्या दिवसाची वेळ ठरवावी, आणि आरतीसाठी त्यांचे ताट थांबवू नये. देवीला घाई नसते.

खाण्याइतकेच, किंबहुना थोडे अधिकच, महत्त्वाचे आहे ते फराळ करण्यातले वडीलधाऱ्यांचे स्थान. सासूबाई आता तासभर कढईपाशी बसू शकत नाहीत. पण अनारशाच्या पिठाला त्यांच्याशिवाय हात लागत नाही. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, मग निथळून, कुटून, चाळून गूळ मिसळायचा, हे सगळे मी करते. पण गोळा चिमटीत धरून ‘अजून दोन दिवस थांब’ हे त्याच सांगतात. चकली तळताना तेलातला बुडबुड्यांचा आवाज मंदावला की ती झाली, असे त्यांनी मला शिकवले. आता त्यांना तो आवाज ऐकू येत नाही, तेव्हा त्या वासावरून दिवाणखान्यातून हाक मारतात: ‘काढ गं!’ त्यांचा अंदाज माझ्या कानांपेक्षा खात्रीचा आहे.

ऐकू येण्यावरून आठवले. श्रवणयंत्र लावलेल्या माणसाला दहाजणांच्या गलक्यात बसवले की त्याला शब्द ऐकू येत नाहीत, नुसता कल्लोळ ऐकू येतो. त्यांची खुर्ची भिंतीला पाठ करून ठेवावी आणि पाहुण्यांनी एकेकाने शेजारी, समोरासमोर बसून बोलावे. लुकलुकणाऱ्या माळांचेही तसेच. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांत त्या प्रकाशाचे नुसते फराटे उमटतात, म्हणून स्थिर, पिवळसर दिवे बरे. फटाक्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली होती. आमच्या गल्लीत तो निर्णय पोहोचायचा आहे. त्या वेळात आम्ही खिडक्या लावतो, दम्याचा पंप हाताशी ठेवतो आणि दिवाळी अंक उघडतो. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून ही प्रथा रूढ केली. टंक बारीक असल्याची सासूबाईंची तक्रार असते, त्यामुळे वाचन माझ्याकडे आणि त्यावरील टीका त्यांच्याकडे.

या साऱ्या आनंदात एका विषयावर फारसे कोणी बोलत नाही. सासूबाईंची दिवसभर देखभाल करणाऱ्या मावशींनाही घर आहे, मुले आहेत आणि भाऊ आहे. धनत्रयोदशीपासून भाऊबीजेपर्यंत त्या गावी जातात, आणि त्यांनी जायलाच हवे. म्हणजे ज्या दिवसांत घरात सर्वाधिक माणसे असतात, त्याच दिवसांत अंगाला हात देणारा जाणता हात नसतो. गोळ्या कुठल्या डब्यात, चहात साखर किती, उठवताना कोणत्या काखेत हात घालायचा, हे मावशी जाण्यापूर्वी आम्ही एका मोठ्या कागदावर त्यांच्याकडून लिहून घेतो आणि फ्रिजवर लावतो. मग नातेवाईक फोनवर ‘काही आणू का?’ असे विचारतात, तेव्हा मी मिठाईऐवजी वेळ मागून घेते. नणंदबाई भाऊबीजेला सकाळीच येतात, भावाला ओवाळतात आणि संध्याकाळपर्यंत आईजवळ थांबतात. तेवढ्यात मी माझ्या भावाकडे जाऊन येते. पहिल्या वर्षी असे स्पष्ट मागताना जीभ अडखळली होती. नणंदबाई म्हणाल्या, ‘अगं वहिनी, तू विचारशील म्हणून मी वाट पाहत होते. आपणहून म्हटले असते, तर तुला वाटले असते की मी तुझ्या करण्यात उणे काढते आहे.’

भाऊबीज उलटली की गाद्या आणि लोड आत जातात, परदेशी राहणारा नातू फोनच्या पडद्यावरून निरोप घेतो, चिवड्याच्या डब्यात तळाशी फक्त मीठ आणि कढीपत्ता उरतो. दुपारी घर एकाएकी मोठे वाटू लागते. त्या आठवड्यात सासूबाई कमी जेवतात, हे गेल्या काही वर्षांत माझ्या लक्षात आले आहे. म्हणून एक-दोन पाहुण्यांना मी मुद्दामच दिवाळीनंतरच्या आठवड्यात बोलावते. अनारसे तोवर चांगले मुरलेले असतात. आणि गॅलरीतला कंदील त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत उतरवत नाही. तो रात्रभर मंद तेवत असतो, आणि दोन वाजता उठणाऱ्या माणसाला दाराची चौकट त्याच्या उजेडात नीट दिसते.